पायलटांची पेन्शन: रुळांवरची आणि हवेतली

ठाणे-कल्याण पट्ट्यात पायलट दोन प्रकारचे राहतात. एक कल्याणच्या रेल्वे लॉबीत साइन ऑन करतो, ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकतो, इंजिनात चढतो आणि कसाऱ्याचा घाट ओलांडून इगतपुरीकडे निघतो. रेल्वेच्या कागदोपत्री तो पूर्वी ड्रायव्हर होता, आता लोको पायलट आहे. लोकलवरचा त्याचा भाऊबंद म्हणजे मोटरमन. दुसरा पायलट घोडबंदर रोडच्या टॉवरमधून अपरात्री कंपनीच्या गाडीने सहारला जातो, आता नवी मुंबईच्या विमानतळावरही, आणि त्याची ड्यूटीही अशाच फुंकरीने सुरू होते. दोघांच्या मागे शेकडो जीव बसलेले असतात. दोघांची कमाईही दोन तुकड्यांत येते: एक ठरलेला मूळ पगार, दुसरा गाडी किंवा विमान हलले तरच मिळणारा भत्ता. एकाला तो किलोमीटरवर मिळतो, दुसऱ्याला उड्डाणाच्या तासांवर. नोकरीत असताना विमानवाल्याची मिळकत कितीतरी मोठी असते. निवृत्तीनंतरचा हिशेब मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरतो.

निवृत्तीच्या योजनांची तुलना सहसा टक्क्यांवर होते. कंपनी दहा टक्के भरते की बारा, सरकार चौदा की साडेअठरा, अशी. टक्का महत्त्वाचा आहेच, पण त्याआधी तो कशाचा टक्का हे पाहावे लागते. मालकाच्या लेखी ‘पगार’ म्हणजे नेमके काय? दुसरा प्रश्न जोखमीचा. माणूस नव्वदीपर्यंत जगला आणि डाळ-तांदूळ चौपट महागले, तर तो भार कोणी उचलायचा? आणि मालकच बुडाला, तर पैसा कोणाच्या तिजोरीत सापडणार? हे तीन प्रश्न विचारले की दोन्ही पायलटांच्या योजना सहज उलगडतात.

रेल्वेची गोष्ट जुनी आहे. बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. पण रेल्वेच्या नोकराला पेन्शन मिळायला त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे लागली. तोवर प्रॉव्हिडंट फंड होता. नोकर भरे, रेल्वे भरे आणि निवृत्तीला एकरकमी गाठोडे हातात पडे. १६ नोव्हेंबर १९५७ पासून रेल्वेत पेन्शन योजना आली. नव्यांना ती आपोआप लागू झाली. जुन्यांना फंड की पेन्शन हे निवडायचे होते. गाठोडे डोळ्यांना दिसत होते, पेन्शन पुढची गोष्ट होती, म्हणून अनेकांनी फंडच धरला. पुढे महागाई वाढली, वेतन आयोगांनी पेन्शन वाढवत नेली आणि फंडवाले हात चोळत बसले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, पण १९९० मध्ये कृष्णकुमार खटल्यात निकाल विरोधात गेला: फंड घेतला तिथे मालकाची जबाबदारी संपली, पेन्शनीत मात्र ती मरेपर्यंत चालते. दोन योजनांमधला फरक इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुठे लिहिला गेला असेल.

रनिंग स्टाफचे खरे वैशिष्ट्य मात्र एका आकड्यात आहे, आणि तो आकडा ५५. लोको पायलट, मोटरमन, गार्ड यांचा किलोमीटर भत्ता हा नुसता प्रवासखर्च नसून त्यात पगाराचा अंश आहे, हे रेल्वेने फार पूर्वी मान्य केले. म्हणून पेन्शन काढताना मूळ वेतनात त्याचे ५५ टक्के आणखी मिळवतात. एरवीच्या कामांसाठी हे प्रमाण ३० टक्के आहे. लॉबीतल्या कोणालाही विचारले तर तो हे दोन्ही आकडे झोपेतही सांगेल.

हा आकडा सहज ठरलेला नाही. पूर्वी पेन्शनीत भत्ता धरण्याची मर्यादा ७५ टक्क्यांपर्यंत होती. ५ डिसेंबर १९८८ च्या अधिसूचनांनी ती मागच्या तारखेपासून खाली आणली: १ जानेवारी १९७३ ते ३१ मार्च १९७९ या काळासाठी ४५ टक्के आणि त्यापुढे ५५. म्हणजे जे लोक घरी जाऊन बसले होते, त्यांची पेन्शन पंधरा वर्षे मागे जाऊन कापली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९९७ मध्ये, रंगधामय्या खटल्यात, हे मागे जाणे घटनाबाह्य ठरवले. निवृत्त झालेल्याचा हक्क नंतरच्या नियमाने हिरावता येत नाही, असा त्याचा अर्थ. ५५ टक्के पुढच्यांसाठी राहिले.

त्याचा परिणाम पाहायला एक हिशेब पुरे. १ जानेवारी २००४ पूर्वी लागलेला मेल गाडीचा लोको पायलट साठाव्या वर्षी ७०,००० रुपये मूळ वेतनावर निवृत्त झाला असे धरू. कचेरीतल्या कारकुनाचे मूळ वेतन तेवढेच असेल तर त्याची पेन्शन निम्मी, म्हणजे ३५,०००. लोको पायलटच्या बाबतीत आधी ७०,००० मध्ये ३८,५०० मिळवायचे. झाले १,०८,५००, आणि त्याचे निम्मे ५४,२५०. वर महागाई भत्ता. जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के दराने तो ३१,४६५ होतो. एकूण ८५,७१५ रुपये महिना. यातली ४० टक्के मूळ पेन्शन ‘विकता’ येते. लोक हाच शब्द वापरतात, ‘अंशराशीकरण’ फक्त फॉर्मवर असते. ६१ व्या वर्षाचा गुणक ८.१९४ धरला तर २१,७०० रुपयांच्या विक्रीचे साधारण २१ लाख ३४ हजार हातात येतात आणि पंधरा वर्षांनी विकलेला भाग परत सुरू होतो. महागाई भत्ता मात्र न विकलेल्या पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, पंच्याऐंशीला ३०, आणि शंभरी गाठली तर दुप्पट. शंभरी गाठणाऱ्या मोटरमनचा भार सरकारवर, मोटरमनवर नाही.

२००४ नंतर लागलेल्याचे चित्र वेगळे. त्याला राष्ट्रीय पेन्शन योजना, एनपीएस, लागू झाली: मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के त्याचे, सरकारचे आधी तितकेच, १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के. पैसा बाजारात गुंततो. निवृत्तीला साठलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून ठरावीक उत्पन्न, घ्यावी लागते, आणि ॲन्युइटीवर महागाई भत्ता नसतो. एकाच इंजिनात डाव्या-उजव्या बाजूला बसलेल्या दोघांपैकी एकाला जुनी पेन्शन आणि दुसऱ्याला नवी, असा प्रकार गेली वीस वर्षे चालू आहे. राज्य सरकारच्या नोकरांत ही रेघ १ नोव्हेंबर २००५ ला पडली. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयापासून शाळा-दवाखान्यांपर्यंत कामे अडली होती. त्या रेट्यातूनच पुढे केंद्राची युनिफाइड पेन्शन स्कीम, यूपीएस, आली. ऑगस्ट २०२४ मध्ये ती मंजूर झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून सुरू झाली. पंचवीस वर्षे नोकरी झाली असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचे ५० टक्के, त्यावर महागाईची भर, जोडीदाराला ६० टक्के, आणि दहा वर्षे नोकरी झालेल्याला किमान १०,००० रुपये. सरकारचा वाटा साडेअठरा टक्के. जुनी पेन्शन नव्हे, पण तिची सावली आहे. जुन्या पेन्शनीत नोकराच्या पगारातून दमडी कापली जात नव्हती, इथे दहा टक्के कापले जातात.

आता विमानवाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून जुहूला टपालाचे विमान घेऊन उतरले. त्यातून जी कंपनी उभी राहिली, ती १९५३ मध्ये सरकारची झाली. सरकारची झाली म्हणून वैमानिकाला सरकारी पेन्शन मिळाली, असे बाहेरच्यांना वाटते. तसे झाले नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सच्या नोकरांचे फंड १९२५ च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्याखालचे स्वतंत्र ट्रस्ट होते. दोन्ही बाजूंचे दहा-दहा टक्के आणि जोडीला नोकरांच्याच वर्गणीवर चालणारी ॲन्युइटी योजना. रेल्वेसारखी मरेपर्यंतची हमी नव्हती. विक्री ठरल्यावर १ डिसेंबर २०२१ पासून कंपनीच्या सुमारे साडेसात हजार नोकरांना ईपीएफओच्या, म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, छत्राखाली आणले गेले आणि २७ जानेवारी २०२२ ला कंपनी टाटांकडे परतली. म्हणजे आज ठाण्यात राहणारा एअर इंडियाचा कॅप्टन आणि वागळे इस्टेटमधल्या कारखान्याचा फिटर एकाच फंड कायद्याखालचे सभासद आहेत.

त्या कायद्याचे गणित बारा टक्क्यांचे आहे: बारा नोकराचे, बारा मालकाचे. पण कशाचे बारा टक्के? इथेच वैमानिकाची अडचण सुरू होते. त्याच्या पगारपत्रकात मूळ पगार अनेकदा एकूण मिळकतीचा लहान तुकडा असतो. मोठा तुकडा उड्डाणभत्त्याचा. वर्षाला हजार तासांच्या कायदेशीर मर्यादेत तो जितका उडेल तितका भत्ता, आणि त्या भत्त्यावर फंड सहसा कापला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितले की जो भत्ता सगळ्यांना सरसकट मिळतो तो मूळ वेतनातच धरायचा. जास्त कामावर अवलंबून असलेला मात्र नाही. तासांवर मिळणारा उड्डाणभत्ता नेमका या कुंपणावर बसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरावा, अशी व्याख्या आणली आहे. रेल्वेने किलोमीटर भत्त्याचा जो प्रश्न कित्येक दशकांपूर्वी ५५ टक्क्यांनी सोडवला, तो विमानक्षेत्रात आत्ता कुठे दारात आला आहे.

दुसरी खाच वेतनमर्यादेची. कायद्याने मालकाला १५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावरच फंड भरणे बंधनकारक आहे. म्हणजे महिना १,८०० रुपये. भला मालक पूर्ण मूळ पगारावर भरतो. लाखभर मूळ पगाराच्या वैमानिकाची दोन नियुक्तिपत्रे समोर ठेवली, एकात ‘मूळ पगाराच्या १२ टक्के’ आणि दुसऱ्यात ‘कायद्यानुसार’ असे लिहिलेले, तर या दोन शब्दप्रयोगांची किंमत काढता येते. पगार तोच राहिला, दोन्ही बाजूंनी तितकीच रक्कम भरली आणि ८.२५ टक्के व्याज तीस वर्षे टिकले असे समजू. पहिल्याकडे साडेतीन कोटींच्या आसपास जमतील, दुसऱ्याकडे ५३ लाखांच्या आसपास. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर त्या साडेतीन कोटींची आजची किंमत साठ-एकसष्ट लाख होते आणि ५३ लाखांची जेमतेम नऊ. नियुक्तिपत्रातली पगाराची रक्कम सगळे वाचतात, ‘कायद्यानुसार’ हा शब्द फारसे कोणी वाचत नाही.

उरली ईपीएस-९५, म्हणजे खासगी नोकरांची पेन्शन. ती सुरू झाली १६ नोव्हेंबर १९९५ ला. रेल्वेच्या पेन्शनचीही तारीख १६ नोव्हेंबरच, मध्ये अडतीस वर्षे. साम्य एवढेच. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के, पण १५,००० च्या मर्यादेत, म्हणजे महिना १,२५० रुपये या फंडात जातात. पेन्शन म्हणजे वेतन गुणिले नोकरीची वर्षे भागिले सत्तर. वीस किंवा अधिक वर्षांच्या नोकरीला दोन वर्षे बक्षीस. तीस वर्षे झाली तर १५,००० गुणिले ३२ भागिले ७०, म्हणजे ६,८५७ रुपये. सप्टेंबर २०१४ पूर्वी मर्यादा ६,५०० होती, त्यामुळे जुन्या वर्षांपोटी हाती येणारे आणखी कमी. महागाई भत्ता नाही. पेन्शन विकण्याची सोयही २००८ मध्ये गेली. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेला आणि मूळ पगार १५,००० च्या वर असलेला माणूस या योजनेत येतच नाही. म्हणजे तरुण वैमानिकाला मालकाकडून पेन्शन नावाचे काही मिळत नाही, मिळतो तो फक्त फंड.

ईपीएसची खरी झळ वैमानिकाला नव्हे, एसटीच्या ड्रायव्हरला बसते. कल्याण किंवा खोपटच्या आगारातून तीस-पस्तीस वर्षे गाडी हाकणाऱ्यालाही हीच पेन्शन. २०२१-२२ चा एसटीचा लांबलेला संप राज्य सरकारात विलीनीकरणासाठी होता, आणि विलीनीकरण म्हणजे सरकारी पगार व सरकारी पेन्शन, हे प्रत्येक आगारात ठाऊक होते. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले. विलीनीकरण झाले नाही. किमान पेन्शन १,००० रुपये २०१४ मध्ये ठरली, तिथेच आहे. ती ७,५०० करा, वर महागाई भत्ता द्या, या मागणीसाठी बुलढाण्यातून सुरू झालेले पेन्शनरांचे आंदोलन देशभर गेले.

तिसरा प्रश्न मालक बुडण्याचा. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. वैमानिकांचे पगार त्याआधीच महिनोन्‌महिने थकले होते. पुढची लढाई फंडाची न भरलेली रक्कम आणि ग्रॅच्युइटी यांची. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील लवादाने ही देणी पूर्ण द्यावीत असे सांगितले, जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला त्याच न्यायालयाने कंपनी अवसायनात काढली. दिवाळखोरी संहितेत फंडाची, पेन्शन फंडाची आणि ग्रॅच्युइटी फंडाची रक्कम बुडीत कंपनीच्या मालमत्तेबाहेर धरली आहे, हे नोकरांचे मोठे कवच आहे. मात्र ग्रॅच्युइटीचा वेगळा फंड कंपनीने मुळात काढलेलाच नसेल, तर कवचाखाली काही सापडायचे नाही. ग्रॅच्युइटीचे सूत्र सोपे आहे: शेवटच्या वेतनाचे पंधरा सव्विसांश गुणिले वर्षे. लाखभर मूळ पगार आणि तीस वर्षांवर १७ लाख ३० हजार, कमाल मर्यादा २० लाख. सूत्र सोपे, वसुली अवघड. हे कल्याणकरांना विमानकंपनीवरून शिकावे लागत नाही. मोहने-आंबिवलीची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली आणि तिथले कामगार आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे फेऱ्या मारत राहिले.

अमेरिकेतला अनुभव याच प्रश्नावर बोलका आहे. तिथे मोठ्या विमानकंपन्या एकेकाळी वैमानिकांना रेल्वेसारखी ठरलेली पेन्शन देत. २००५ मध्ये दिवाळखोरीतल्या युनायटेडने आपल्या पेन्शन योजना पीबीजीसी या सरकारी विमा महामंडळाच्या गळ्यात टाकल्या. पुढच्या वर्षी डेल्टाच्या वैमानिकांची योजनाही गेली. महामंडळाची कमाल हमी ६५ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला होती, आधी निवृत्त झालेल्याला कमी. आणि त्या वेळी कायदाच वैमानिकाला साठाव्या वर्षी कॉकपिटमधून उतरवत होता. एका सरकारी नियमाने साठीला घरी पाठवायचे आणि दुसऱ्याने लवकर घरी आलात म्हणून कापायचे. वयोमर्यादा ६५ झाली डिसेंबर २००७ मध्ये, तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. आज तिथल्या मोठ्या कंपन्या पगाराच्या १६ ते १८ टक्के रक्कम वैमानिकाच्या खात्यात स्वतःहून भरतात. हमी गेली, पण वर्गणी जाडजूड झाली. भारतीय वैमानिकाकडे हमीही नाही आणि वर्गणी बारा टक्क्यांची, तीही छोट्या पगारावर. तुलनेचा निकाल द्यायचा तर तो असा लागतो.

वैमानिकाला ती कसर स्वतः भरून काढावी लागते. त्यासाठी मालकामार्फतची एनपीएस बरी. नव्या करप्रणालीत मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत मालकाच्या वर्गणीवर सूट आहे. मात्र फंड, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन मिळून मालकाची वर्गणी वर्षाला साडेसात लाखांवर गेली की वरच्या भागावर कर लागतो, आणि फंडात स्वतःचे अडीच लाखांहून जास्त भरले तर वरच्या रकमेच्या व्याजावर. मोठ्या पगाराच्या माणसाला या दोन्ही भिंती लवकर लागतात.

आणखी एक फरक डॉक्टरच्या खोलीतला. लोको पायलटला ए-वन वर्गाची नजर लागते. पन्नाशीत ती गेली, तर रेल्वे त्याला इंजिनातून उतरवते पण नोकरीतून काढत नाही. तो ‘डिकॅटेगराइज’ होतो, वेतन सांभाळून दुसरे काम मिळते आणि पगार बसवताना ३० टक्के भत्त्याचा अंशही धरला जातो. वैमानिकाचे मेडिकल गेले की लायसन्स गेले. मग भरवसा कंपनीने किंवा त्याने स्वतः काढलेल्या लॉस ऑफ लायसन्स विम्याचा. तो किती रकमेचा, तात्पुरत्या अपात्रतेला चालतो की कायमच्याच, हे नियुक्तिपत्राबरोबरच विचारून घ्यावे. पासष्टपर्यंत उडता येते हे खरे, पण ते दर मेडिकलपुरतेच.

माणूस गेल्यावर घरच्यांना काय, हे शेवटी येते, कारण फॉर्मवरही ते शेवटीच असते. जुन्या पेन्शनीत जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन महागाई भत्त्यासह मिळते. ईपीएसमध्ये विधवेला सभासदाच्या पेन्शनच्या निम्मे. नोकरीत मृत्यू आला तर फंडाशी जोडलेल्या ईडीएलआय विम्याचे कमाल सात लाख. फंडाची रक्कम नॉमिनीला जाते. लग्नाआधी आई-वडिलांचे नाव घातलेला फॉर्म लग्नानंतर आपोआप रद्द होतो, आणि नवा भरलेला नसेल तर ठाण्याच्या फंड कार्यालयात वारसांची रांग लागते. पेन्शन चालू राहायला हयातीचा दाखला लागतो. रेल्वेच्या पेन्शनरांनी तो नोव्हेंबरात द्यायचा, ऐंशी उलटलेल्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएसवाल्यांना महिन्याचे बंधन नाही. ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून तो बारा महिने चालतो.